ठाण्यात पहिल्यांदा बार क्लास करायचाय, कुठे जाऊ? मदत हवी आहे

मंडळी, बॅलेवाला तो बार क्लास, दांडा धरून करतात तो, ठाण्यात नवख्या लोकांना नीट सांभाळून घेणारा कुठे आहे का? मी पाचपाखाडीला राहते, वय ४३, नाचाचा गंध नाही आणि बसून काम असल्याने कंबर कायम धरलेली. वाचलं की हा प्रकार लोटे बर्क नावाच्या डान्सरने १९५९ मध्ये लंडनला सुरू केला, तोही पाठीला दुखापत झाल्यावर, म्हणून जरा धीर आला. उड्या नसतात, पण टाचा उचलून अर्धवट वाकून तसंच थांबायचं आणि इंचभर वरखाली करत राहायचं, मांड्या थरथरतात म्हणे.

एका ठिकाणी फोन केला तर पहिला प्रश्न वजन किती, मग थेट वर्षाचं पॅकेज! असलं नको. बॅच छोटी हवी, टीचरने गुडघे कुठे चाललेत ते बघावं, आणि एक ट्रायल क्लास मिळावा. ग्रिपवाले मोजे तिथेच मिळतात की आपले न्यायचे? घोडबंदरला संध्याकाळी जाणं म्हणजे ट्रॅफिकमध्येच व्यायाम, त्यामुळे नौपाडा, स्टेशनच्या बाजूचं असेल तर आधी सांगा. स्वतः गेलेल्या ताईंनी प्लीज लिहा.