दुसऱ्याच्या कुत्र्यामुळे आपला प्राणी गेला... भरपाई मागितलीत का? अनुभव लिहा

आमच्या बोक्याला शेजारच्या कुत्र्याने आमच्याच अंगणात येऊन मारलं. शेजारी म्हणतात, "मांजराचे कसले पैसे?" कुणी भरपाई मागितली आहे का? मागताना कानकोंडं वाटलं का, तेही लिहा. मला वाटतंय.

मांजरवेडी : बिनधास्त मागा. आमचा ससा पिंजऱ्याची जाळी वाकवून ओढून नेला होता. मालक त्या संध्याकाळी हात जोडून उभे, आणि नंतर एकदम "आमचाच कुत्रा कशावरून?" नशीब, नवऱ्याने लगेच फोटो काढले होते. जाळीच्या तुटक्या तारेत त्यांच्या कुत्र्याचा निळा पट्टा अडकलेला, त्यावर बिल्ला. तो फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला. डॉक्टरांचं बिल आणि नव्या पिंजऱ्याचे पैसे मिळाले. सशाचे म्हणून काही नाही.

रेवडीची आई : आमचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. बहुतेक ठिकाणी कायद्याच्या लेखी प्राणी म्हणजे मालमत्ता, त्यामुळे हिशोब बाजारभावाचा. रेवडी रस्त्यावरून उचलून आणलेली, म्हातारी. तिचा बाजारभाव काय लावणार? समोरचे वकील तर म्हणाले, तिची किडनी आधीच खराब होती, तशीही जाणारच होती. (हे ऐकून शांत बसायला दगडाचं काळीज लागतं.) आम्हाला तारलं शवविच्छेदनाच्या अहवालाने. मानेवरचे खोल चावे आणि रक्तस्राव हेच मृत्यूचं कारण, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. उपचाराचा खर्च पूर्ण मिळाला. पुरण्याआधी डॉक्टरांकडून लेखी घ्या, ही विनंती सगळ्यांनाच.

वाटसरू : सगळीकडे सारखं नाही हो. जर्मनीत १९९० पासून दिवाणी कायदाच सांगतो की प्राणी म्हणजे वस्तू नव्हे. उपचाराचा खर्च प्राण्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला, एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्याने २००० साली टी-बो कायदा केला. टी-बो हा मोठ्या कुत्र्याच्या हल्ल्यात गेलेला शिह त्झू जातीचा छोटा कुत्रा. तिथे काही अटींवर सोबत गमावल्याबद्दलही ५००० डॉलरपर्यंत मागता येतात. तुमच्याकडचा नियम वकिलांनाच विचारा.

टिंग्या : दोन गोष्टी आधी बघा. कुत्रा मोकळा होता का, आणि त्याने याआधी कुणाला चावल्याची तक्रार आहे का? काही कायद्यांत मालकाला आधीपासून ठाऊक होतं का, यावर सगळं अडतं. तुमचा बोका त्यांच्या आवारात गेला असता, तर उलट तुमच्यावरच येऊ शकलं असतं. आणि त्यांच्या घराचा विमा आहे का, हेही विचारा. आम्हाला पैसे विमा कंपनीने दिले, शेजाऱ्यांशी बोलणं शाबूत राहिलं.

सावली : मी नाही मागितले. माफी हवी होती, ती मिळाली. त्यांनी कुंपणही उंच करून घेतलं.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. फोटो नाहीत माझ्याकडे, पण दवाखान्याचं बिल आहे आणि समोरच्या आजींनी सगळं पाहिलंय. त्या लिहून द्यायला तयार आहेत. आज पत्र देतेय, पोच घेऊन. टिंग्या, विम्याचं त्या पत्रातच लिहू की तोंडी विचारू?