मदत हवी आहे: माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनांचं पेन्शनपलीकडे कुणी ऐकतं का?
मंडळी, एम.ए.च्या प्रबंधासाठी 'इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट' या माजी सैनिकांच्या संघटनेवर लिहितेय. 'वन रँक वन पेन्शन'चा (हुद्दा आणि सेवाकाळ सारखा, तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन सारखी) भाग झालाय: २०१५चं जंतरमंतरवरचं आंदोलन, नोव्हेंबरातला सरकारी आदेश, मग पेन्शनचा दरवर्षी फेरआढावा हवा म्हणून कोर्टबाजी आणि मार्च २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवलेली दर पाच वर्षांनी फेरआढाव्याची मुदत. गाडी अडलीय पुढे. नोकरीत असताना संघटना काढायची मोकळीक नाही, म्हणजे बोलणार ते निवृत्तच. पण अग्निपथ (चार वर्षांसाठीची सैन्यभरती योजना), शस्त्रखरेदी यावर त्यांचं म्हणणं संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपर्यंत पोचतं का? मी चाळलेल्या अहवालांत साक्षीला बहुतेक मंत्रालयाचेच लोक! कुणाच्या घरी निवृत्त कर्नल-मेजर असतील तर प्लीज विचारा, निवेदन नेमकं कुणाकडे देतात? जुन्या निवेदनांचे फोटोही चालतील.