सिरिंज पंप बंद असतानाही औषध वाहते : झडप कुठे आणि कशी बसवावी?

आठवे_सत्र :

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या गटाने प्रकल्प म्हणून औषध हळूहळू सोडणारा लहान सिरिंज पंप करायला घेतला आहे. एका फेऱ्याला २०० स्टेप्स घेणारी स्टेपर मोटर, १ मिमी पिचचा (एका फेऱ्यात १ मिमी पुढे नेणारा) स्क्रू, त्यावर सरकणारा गाडा आणि औषधांच्या दुकानात मिळणारी ५० मिलीची सिरिंज, एवढीच रचना आहे. सिरिंजचा आतील व्यास २८ मिमी भरला, त्यामुळे एका स्टेपला सुमारे ३ मायक्रोलिटर द्रव बाहेर पडायला हवा, आणि कागदावर हे गणित उत्तम जुळते.

प्रत्यक्षात मात्र दोन गोष्टी घडल्या. प्रयोगशाळेत जागा नसल्यामुळे आम्ही पंप लोखंडी कपाटावर ठेवला होता, आणि नळीचे टोक सुमारे १ मीटर खाली, वजनकाट्यावरच्या बीकरमध्ये सोडले होते. मोटरची वीज काढून आम्ही चहाला गेलो, आणि वीस मिनिटांनी परत येऊन पाहतो तो बीकरमध्ये १४ ग्रॅम पाणी जमा झालेले. दुसरी गोष्ट नेमकी उलट आहे. ताशी १ मिली वेग लावून पंप सुरू केला, की पहिली पंधरा-वीस मिनिटे नळीतून थेंबही येत नाही.

मार्गदर्शक सरांनी एकमार्गी झडप बसवण्यास सुचवले, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातून एक आणून बसवली, तरी पहिला दोष जसाच्या तसा राहिला. झडपच निकृष्ट आहे, की आमच्या विचारात चूक आहे? हा पंप कोणत्याही रुग्णाला किंवा प्राण्याला जोडला जाणार नाही, फक्त टेबलावर चालणार आहे, हे आधीच स्पष्ट करतो.

दाबमापी :

झडपेचा दोष नाही. एकमार्गी झडप उलट्या दिशेचा प्रवाह अडवते, आणि तुमचे पाणी तर सुलट्या दिशेनेच वाहत आहे; त्यामुळे तिने त्याला वाट दिली, यात नवल नाही. जे घडले त्याला सायफन म्हणतात, आणि टाकीतून रॉकेल काढण्यासाठी आपण नळी तोंडाने ओढून खाली सोडत असू, त्याहून ते वेगळे नाही.

आता आकडे पाहा. १ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ९.८ किलोपास्कल असतो. तुमच्या सिरिंजच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ६.१६ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे दट्ट्यावर आत ओढणारे बल ६ न्यूटन झाले, दट्ट्याच्या मागे सुमारे ६०० ग्रॅमचे वजन टेकवून ठेवल्यासारखे. सिलिकॉन तेल लावलेल्या नव्या सिरिंजच्या दट्ट्याला सरकायला इतके बल अनेकदा पुरते. १० मिलीच्या सिरिंजवर हाच दाब जेमतेम पावणेदोन न्यूटन बल देतो, म्हणून लहान सिरिंज या बाबतीत पुष्कळ सुरक्षित असते. तुमचा गाडा दट्ट्याला फक्त मागून ढकलतो, धरून ठेवत नाही, हे मी न पाहताच सांगू शकतो. दट्ट्याच्या चकतीला पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंनी पकडणारी खाच करा, आणि चकती खाचेत नसेल तर मोटर सुरूच होऊ नये यासाठी तिथे एक स्विच बसवा.

एक बाब तुमच्या हातून योगायोगाने बरोबर झाली आहे. पुष्कळ मुले थ्रीडी प्रिंटरसाठी मिळणारा, एका फेऱ्यात ८ मिमी पुढे जाणारा स्क्रू वापरतात. तो वेगाने सरकतो, पण त्याचे आटे इतके तिरपे असतात, की मोटरची वीज गेल्यावर नुसत्या बलाने तो उलटा फिरू शकतो. १ मिमी पिचचा स्क्रू आपल्या घर्षणानेच जागच्या जागी थांबतो.

दुसऱ्या दोषाचे मूळ फटींमध्ये आहे. ताशी १ मिली वेगाला तुमचा दट्ट्या तासाभरात १.६ मिमी सरकतो. गाडा आणि दट्ट्याची चकती यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली असेल, तर ती भरून येण्यातच १८ मिनिटे जातात. पोस्टकार्ड फटीत सरकवून पाहिलेत तरी कल्पना येईल. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी, नळी रुग्णाला जोडलेली नसताना, मोटर वेगाने चालवून टोकाशी थेंब दिसेपर्यंत सगळ्या फटी भरून काढण्याची रीत आहे.

रात्रपाळी :

मी अभियंता नाही. अनेक वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करते आहे. पण वरचे १८ मिनिटांचे गणित वाचून राहवले नाही, कारण ही अठरा मिनिटे आम्ही मॉनिटरसमोर उभ्या राहून मोजलेली असतात. नॉरअॅड्रिनलिन, म्हणजे बीपी वर टिकवणारे औषध, चालू असलेल्या रुग्णाची सिरिंज संपत आली, की नवी सिरिंज दुसऱ्या पंपावर आधीच चढवून, चालू करून, तिचा परिणाम बीपीवर दिसू लागल्यावरच जुनी उतरवायची, अशी पद्धत आमच्याकडे आहे. या औषधाचा शरीरातील प्रभाव काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे पंपाला "सुरुवातीला जरा वेळ लागतो" हे वाक्य आमच्यासाठी साधे नसते.

एका रात्री रुग्णाला तपासणीसाठी हलवताना मावशींनी मदत म्हणून पलंगावरचा पंप उचलून स्टँडच्या वरच्या आकड्याला लावला, आणि काही क्षणांत बीपी भलतेच वर गेले. पंपाचा वेग कोणीही बदललेला नव्हता. उंची बदलली होती, एवढेच. तेव्हापासून मी नव्या मुलींना सांगते, की पंप शक्यतो रुग्णाच्या छातीच्या पातळीला ठेवायचा, आणि सिरिंज काढण्यापूर्वी नळीवरचा क्लॅम्प किंवा थ्री-वे (नळीतली तीन तोंडांची तोटी) रुग्णाच्या बाजूने बंद करायचा.

थ्री-वेचाच दुसरा प्रकारही ध्यानात ठेवा, बाळांनो. तो चुकून बंद राहिला, तर पंप मुकाट्याने ढकलत राहतो आणि अलार्म फार उशिरा वाजतो. घाबरून कोणी तो लगेच उघडला, तर साठलेले सगळे औषध एकदम रुग्णात जाते. आम्ही आधी जोड सुटा करतो, दाब बाहेर जाऊ देतो, आणि मगच पुन्हा जोडतो. तुमच्या पंपाला हे आपणहून करता आले, तर फार बरे होईल.

दाबमापी :

सिस्टरांनी सांगितलेल्या उशिराचे कारण असे. रबरी दट्ट्या चेपतो, नळी किंचित फुगते आणि गाड्याचा सांगाडाही वाकतो. अलार्मचा दाब येईपर्यंत या सगळ्यांत मिळून समजा अर्धा मिली द्रव साठत असेल, तर ताशी १ मिली वेगाला अलार्म वाजण्यास अर्धा तास लागेल, आणि अडथळा सुटताच अर्ध्या तासाचे औषध एका क्षणात जाईल. उपाय तीनच : लहान सिरिंज, अरुंद व ताठ नळी आणि अलार्मचा दाब कमी ठेवणे. तिसऱ्या उपायाचा अतिरेक केला, तर रुग्णाने हात दुमडला तरी पंप ओरडू लागतो, आणि मग त्याच्याकडे कोणी लक्ष देईनासे होते.

सिलिकॉन :

मी झडपा आणि सील यांच्या जुळणीच्या कामात आहे. दाबमापी यांच्या पहिल्या उत्तराला थोडी पुरवणी जोडतो, आणि थोडी असहमतीही नोंदवतो. दट्ट्या पक्का धरला म्हणजे सायफनचा प्रश्न सुटला, असे त्यावरून वाटू शकते. सिरिंजला बारीक तडा गेला असेल किंवा दट्ट्याच्या कडेतून हवा शिरत असेल, तर दट्ट्या जागचा न हलताही औषध खाली उतरते आणि त्याची जागा हवा घेते. त्यामुळे सायफनरोधक झडप हा दुसरा, स्वतंत्र अडसर हवाच.

ही झडप मत्स्यालयातल्या झडपेसारखीच दिसते. फरक आहे तो उघडण्याच्या दाबात. स्तंभाचा दाब ९.८ किलोपास्कल असेल, तर झडप समजा १५ किलोपास्कलला उघडणारी घ्यावी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला ती उघडता येत नाही आणि मोटरला मात्र सहज येते. ती शक्यतो रुग्णाच्या टोकाशी बसवावी, कारण मग वरच्या संपूर्ण नळीत दाब हवेपेक्षा जास्तच राहतो. पंपाच्या टोकाशी बसवली, तर झडपेखालच्या नळीत ओढ निर्माण होते, आणि एखादा जोड सैल असला की तिथून हवा आत येते. मात्र हे १५ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ११२ मिलिमीटर, तुमच्या दाबाच्या मोजणीत कायम मिळवलेले दिसतील; अलार्मची पातळी ठरवताना ते वजा करण्यास विसरू नका.

झडपेचे साहित्यही पारखून घ्या. बदकाच्या चोचीसारख्या सिलिकॉनच्या झडपेची चीर, निर्जंतुकीकरणानंतर किंवा नुसती बरेच दिवस पडून राहिली तरी, स्वतःलाच चिकटते, आणि पहिल्यांदा उघडायला ठरलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त दाब लागतो. आम्ही कपाटात ठेवलेले जुने नमुने मुद्दाम काढून तपासतो, आणि नव्या मालात न सापडलेले दोष तिथे सापडतात.

पुढे कधी लवचिक पडदा हलवून द्रव ढकलणाऱ्या सूक्ष्मपंपाकडे वळलात, तर तिथे हाच सापळा पुन्हा भेटेल. पडद्याच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन एकमार्गी झडपा असतात, पण दोघींचे तोंड एकाच दिशेला असते. औषधाची पिशवी पुरेशी उंच टांगली, की दोन्ही झडपा एकदमच उघडतात, आणि पंप बंद असूनही मार्ग मोकळा होतो. तिथे वीज नसताना आपोआप बंद होणारी झडप लागते. इन्सुलिन पंपात तर चुकीला जागाच नाही. मिलीला १०० युनिट असलेल्या इन्सुलिनचे एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, त्यामुळे ताशी अर्धे युनिट म्हणजे अवघे ५ मायक्रोलिटर. झडपेच्या बैठकीवर प्लास्टिकचा एखादा कण अडकला, तर होणारी गळतीही त्याच मापाची असू शकते.

हा सारा विचार जोखीम-व्यवस्थापनाच्या आयएसओ १४९७१ आणि इन्फ्युजन (शरीरात औषध सोडणाऱ्या) पंपांच्या आयईसी ६०६०१-२-२४ या मानकांत बांधलेला आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने २०१० मध्ये पंपांच्या सुरक्षिततेची मोहीम हाती घेतली, तेव्हा २००५ ते २००९ या पाच वर्षांत दुर्घटनांच्या सुमारे ५६,००० नोंदी आणि उत्पादन परत मागवण्याचे ८७ प्रसंग पुढे आले होते. त्यांत यांत्रिक बिघाडांबरोबरच, बटण एकदा दाबले असता दोनदा नोंदले जाण्यासारखे दोषही होते. तेव्हा कळफलकही तपासाच.

आठवे_सत्र :

सर्वांचे मनापासून आभार. खाच आणि स्विच बसवून चाचणी पुन्हा घेतली. पंप कपाटावर तसाच ठेवला, तरी वीज काढल्यावर अर्ध्या तासात काट्यावर वाढ दिसली नाही. उलट वजन किंचित कमीच झाले, त्याचा अर्थ लागला नाही. नंतर दट्ट्याच्या कडेला मुद्दाम सुईने चरा पाडून पाहिला, तर दट्ट्या न हलताही पाणी उतरू लागले. सिलिकॉन सरांचे म्हणणे डोळ्यांनी पाहिले. आता अडथळा आल्यावर मोटर ठरावीक स्टेप्स उलट फिरवून दाब काढावा, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

दाबमापी :

वजन घटते ते बीकरमधले पाणी हवेत उडाल्यामुळे. पाण्यावर द्रव पॅराफिनचा पातळ थर टाका आणि नळीचे टोक त्या थराखाली, पाण्यात बुडवून ठेवा. ताशी १ मिलीच्या चाचणीत हे न केल्यास सगळे आकडे चुकतात.

मोटर उलट फिरवण्याची कल्पना योग्य आहे, पण स्टेप्स ठरावीक ठेवू नका. दाब मोजत मोजत मागे या आणि अडथळ्यापूर्वीच्या दाबाशी थांबा. जास्त मागे आलात, तर गाड्यात पुन्हा तीच फट तयार होईल आणि ती १८ मिनिटे परत भोगावी लागतील. झडप रुग्णाच्या टोकाशी असेल, तर तिच्यापुढे अडकलेला दाब मात्र या उपायाने निघणार नाही, कारण ती उलट दिशेला बंदच असते. म्हणून झडपेपासून सुईपर्यंतची नळी जितकी आखूड करता येईल तितकी करा, आणि तिच्यात किती द्रव राहतो तो मोजून अहवालात लिहा.

रात्रपाळी :

आणि अलार्म वाजेल तेव्हा पडद्यावर मराठीतही लिहा, की आधी जोड सुटा करा. रात्री तीन वाजता माहितीपुस्तिका कोणी उघडत नाही.