अनुभव धागा: सोलापुरातून कंटेम्पररी डान्स

पार्कचौक (धागाकर्ता)
पुतणी बारावीनंतर कंटेम्पररीच करणार म्हणून हटून बसलीय. मी घरात कंटेम्पररी नर्तक अस्ताद देबूंचं उदाहरण दिलं: कथक, कथकली शिकले, लंडनला अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचं तंत्र गिरवलं, पुढे मणिपूरच्या पुंग (ढोल) वादकांबरोबर नाचले, २००७ मध्ये पद्मश्री. भाऊ म्हणाला, "आणि बाकीचे काय खातात?" ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. पैशांचंही लिहा.

कडकभाकरी
वडील लूमवर, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. बंगळुरूला शिकलो. सुरुवातीला नाचणं कमी, पडणंच जास्त. गुडघ्याची बाजू, मांडी, कंबर, खांदा अशा ओळीने अंग जमिनीला द्यायचं. हाड टेकलं की टक्कन आवाज येतो, आणि सर पाठमोरे असले तरी म्हणतात, "परत." तिथं लाकडी फ्लोअर होता, दाबला की किंचित लवणारा. इथं मी क्लास घेतो तो मंगल कार्यालयात, शहाबादी फरशीवर. चादर अंथरून पाहिली, घसरते. शेवटी जिमवाल्याकडून जुने रबरी मॅट आणले. त्यावर पाय चिकटतो, गिरकी नीट होत नाही, पण गुडघे शाबूत राहतात. एप्रिल-मेमध्ये क्लास सकाळी सहालाच.
आणि हो, लूमच्या खटखटीवर नाच बसवला का, असं भेटेल तो विचारतो. नाही ओ! त्या आवाजातून सुटायलाच तर नाचायला लागलो.

वरातीपुढे
पैसा लग्नातल्या 'संगीत'मध्ये आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये. मामा-मावश्यांना हिंदी गाण्यावर डावा-उजवा शिकवायचा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पोरं तालमीला फिरकत नाहीत, तारखा ते बघूनच घ्या. अॅडव्हान्सशिवाय एक स्टेप दाखवू नका. एका शाळेकडे माझे पैसे अजून अडकलेत. त्या कमाईवर मी वर्षातून एक स्वतःचं काम बसवतो. हुतात्मा स्मृती मंदिरात केलं तेव्हा मागच्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं, "गाणं कधी लावलालेत बे?" तुकडा मुद्दामच बिनसंगीताचा होता. तरी तो माणूस शेवटपर्यंत बसला, हे माझ्या लेखी मोठं.

मुलीची_आई
सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला, वर्कशॉप करून संध्याकाळच्या हुतात्मानेच परत. डब्यात शेंगाचटणी. नातेवाईक विचारतात, "नाचून पोट भरतं का?" हल्ली मी उत्तरच देत नाही.

घुंगरू
मी भरतनाट्यमवाली. कंटेम्पररीला पाया लागत नाही हा गैरसमज आधी काढा. अरमंडीत (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं) बसून मांड्या तयार झालेल्या मुलीला जमिनीवरचं काम लवकर जमतं. मात्र ताठ कणा सोडायला तिला जड जातं.

पार्कचौक
@कडकभाकरी, सकाळी सहाचा क्लास बघायला भावाला घेऊन आलो तर चालेल?

कडकभाकरी
या की. पुतणीला ट्रॅकपँट घालून आणा, जीन्स नको.