नको असलेली जमीन सरकारला परत देता यावी का?

ठाण्याचा_चाकरमानी: राजापूर तालुक्यात आजोबांच्या नावची कातळाची जमीन आहे. सातबारावर नावांची रांग, त्यातली निम्मी माणसं वारलेली. कसायला कोणी नाही. शेतसारा किरकोळ, पण पडक्या घराची घरपट्टी दरवर्षी येते आणि भरणारा मी एकटाच. ज्याला जमीन नको त्याला ती रीतसर सोडता आलीच पाहिजे. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 55 मध्ये राजीनाम्याची सोय आहे. महसुली वर्ष 31 जुलैला संपतं, त्याच्या किमान 30 दिवस आधी तहसीलदारांना लेखी नोटीस द्यायची. लोकांना हे माहीतच नाही.

माजी_तलाठी: कलम पूर्ण वाचा. राजीनामा अख्ख्या सर्व्हे नंबरचा किंवा पोटहिश्श्याचा (मोजून वेगळ्या केलेल्या तुकड्याचा) देता येतो, सामायिकातल्या तुमच्या न वाटलेल्या हिश्श्याचा नाही. आधी वारस नोंदी, मग कलम 85 खाली वाटप, मोजणी. कुळाचा किंवा बँकेचा हक्क असेल तर तो तसाच राहतो. घरपट्टी तर ग्रामपंचायतीची, तिचा या राजीनाम्याशी संबंधच नाही.

देवगडची_सून: मला हे मुळातच पटत नाही. सारा थकला म्हणून ज्यांच्या जमिनी आकारीपड होऊन सरकारजमा झाल्या, त्यांच्या वारसांनी त्या परत मिळवायला कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. जानेवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, तोही बाजारभावाच्या 5 टक्के रक्कम भरून घेण्याचा. आणि तुम्ही आपणहून देणार? गावातल्या चुलतभावाला हक्कसोडपत्र करून द्या. तो काजू लावेल, वणवा लागला तर धावेल तरी.

ठाण्याचा_चाकरमानी: विचारलं त्याला. नावं कमी झाल्याशिवाय खड्डाही खणणार नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. झाडं धरली की मुंबईचे हिस्सेदार उगवतात. एवढ्या सह्या कुठून आणू?

माजी_तलाठी: सगळ्यांच्या कशाला? तुमचा हिस्सा तुम्ही एकटे सोडू शकता. घराचाही त्यातच लिहा. फक्त दस्त नोंदणीकृत हवा, साध्या स्टॅम्पपेपरवर फेरफार होत नाही.

ठाण्याचा_चाकरमानी: ते करतो. पण ज्यांचं गावात कोणीच उरलं नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी हिश्श्यापुरता राजीनामा कायद्यात यायलाच हवा, यावर मी ठाम आहे.

देवगडची_सून: मग ती जमीन पुढे कोणाला जाईल हेही त्याच कायद्यात लिहून घ्या. गावच्या गुरचरणाला गेली तर माझी हरकत नाही. बाहेरच्या कंपनीला गेली तर आहे.