‘रिटेनर’: वकिलाचे वार्षिक शुल्क आणि सरदाराचा शस्त्रधारी माणूस, दोघांना एकच शब्द कसा?

पांझराकाठी (धुळे) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एका संस्थेच्या कार्यालयात करारांची कागदपत्रे पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. आमच्या वकिलांशी दरवर्षी जो करार होतो, त्याला सगळे ‘रिटेनर’ म्हणतात. खटला असो वा नसो, ठरलेली रक्कम त्यांना पोहोचते आणि ते आमच्या विरुद्ध पक्षाचे काम घेत नाहीत. अलीकडे पंधराव्या शतकातील इंग्लंडविषयी वाचताना हाच शब्द भेटला. तिथे मात्र तो सरदाराचा बिल्ला लावून हिंडणाऱ्या आणि प्रसंगी न्यायालयात पंचांवर दडपण आणणाऱ्या माणसांसाठी होता. हे दोन अर्थ एकाच मुळातून आले आहेत काय, आणि त्यांतला जुना कोणता?

बोरीकाठ (अमळनेर)

मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये ‘धरून ठेवणे, मागे रोखणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे, ते फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले. आधी अडवणे व रोखणे, मग पदरी ठेवणे, असा त्याचा प्रवास दिसतो. ‘रिटिन्यू’ म्हणजे लवाजमा, तोही याच घरातला. मला तर हा सगळा प्रकार आपल्या सालदारासारखा वाटतो. पाडव्याला किंवा आखाजीला बोली होते, रोख रक्कम, धान्य आणि कपडे ठरतात आणि माणूस वर्षभर त्या घराचा होतो. तिकडेही पैसा, जेवण आणि वस्त्र हेच मिळत असे.

थाळनेरचा वाचक

बोरीकाठ भाऊ, देण्याघेण्यापुरती आपली तुलना पटते, पण माणसाच्या दर्जापाशी ती अडते. ज्यांच्यामुळे पार्लमेंट हैराण झाले होते ते घरगडी नव्हते. पुष्कळदा ते स्वतःची जमीन आणि गावात वजन असलेले गृहस्थ किंवा नाईट असत. अशा माणसाशी लेखी करार होई. एकाच चर्मपत्रावर मजकूर दोनदा लिहून मधून दातेरी रेषेत कापत आणि एकेक तुकडा दोघांकडे राही. पुढे शंका आली की दाते जुळतात का ते पाहायचे. ‘इंडेंचर’ या नावात दात आहे तो यामुळेच. करार बहुधा आजन्म असे, ‘शांततेत आणि युद्धात’ सेवा करण्याचा. बदल्यात वार्षिक रक्कम, धन्याच्या वाड्यावर आल्यास जेवणाचा हक्क, आणि युद्धातील लूट व खंडणीचा हिशेब, ज्यात धन्याचा वाटा अनेकदा एक तृतीयांश ठरलेला असे. लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याच्या पदरी असे लोक मोठ्या संख्येने होते. कवी चॉसर यालाही 1374 मध्ये त्याच्याकडून आजन्म वर्षाला 10 पाउंड बांधून मिळाले, आणि त्याच वर्षी राजाकडून रोज घडाभर वाइन. (गाँट वारला 1399 मध्ये, आमच्या थाळनेरला फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा वारला तोही त्याच साली. योगायोगच, पण काळ डोळ्यांसमोर यायला उपयोगी.)

खटका उडाला तो वस्त्र आणि बिल्ल्यांवरून. बिल्ला लावलेल्या माणसाच्या मागे धनी उभा आहे हे सर्वांना कळे, मग साक्षीदार आणि पंच गप्प बसत. दुसऱ्याच्या दाव्यात असे बळ पुरवण्याला ‘मेन्टेनन्स’ म्हणत आणि तो गुन्हा होता. आज आपल्या न्यायालयांत त्याच शब्दाने पोटगी मागतात, ही गंमतच आहे. सामान्यांच्या सभागृहाने 1388 मध्ये केंब्रिजच्या अधिवेशनात बिल्ल्यांविरुद्ध तक्रार मांडली, 1390 मध्ये दुसऱ्या रिचर्डने अशी वस्त्रे कोणी कोणाला द्यावीत यावर बंधने घातली, तरी प्रकार थांबला नाही.

कोर्टाच्या पायऱ्या (जळगाव)

पांझराकाठी यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्या मते चौथ्या एडवर्डच्या 1468 च्या कायद्यात आहे. त्याने माणसे पदरी ठेवण्यास मनाई केली, पण घरचे नोकर, कारभारी आणि कायदा जाणणारे सल्लागार यांना वगळले. वकील आधीपासूनच या व्यवस्थेत होते. मठ, नगरे आणि सरदार त्यांना वार्षिक रक्कम देत आणि कागदावर ‘दिलेल्या व यापुढे द्यावयाच्या सल्ल्याबद्दल’ असे लिहीत. म्हणजे आपला वकिली अर्थ मागाहून चिकटलेला नाही; ही प्रथा शस्त्रधाऱ्यांच्या बरोबरीनेच वाढली. सालदाराची तुलना लागू पडते ती नेमकी कायद्याने मोकळ्या सोडलेल्या घरच्या नोकराला.

त्याच कायद्यात ‘कायदेशीर सेवा’ असाही एक मोघम अपवाद होता आणि त्यातून बैलगाडी निघून जाईल एवढी वाट राहिली. राजाचाच विश्वासू लॉर्ड हेस्टिंग्ज यानंतरही करार करत राहिला. बहुतेकांना पैसा नव्हे, तर चांगला धनी होण्याचे वचन तो देई. सातव्या हेन्रीने मात्र 1504 मध्ये फास आवळला: परवान्याविना ठेवलेल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 5 पाउंड दंड. लॉर्ड बर्गाव्हेनीवर 471 माणसांबद्दल सुमारे अडीच वर्षांचा हिशेब लावण्यात आला आणि आकडा 70,000 पाउंडांच्या वर गेला. एवढे कोणी भरणे शक्य नव्हते. राजाने तो बराच खाली आणून हप्ते बांधून दिले. सरदाराची मान हातात राहणे त्याला वसुलीइतकेच मोलाचे असावे.

मधला शस्त्रधारी वर्ग पुढे ओसरला. उरले ते कायद्याने वगळलेले दोघे: कादंबऱ्यांतला घराण्याचा जुना नोकर आणि तुमचे वकीलसाहेब.

पांझराकाठी (धुळे)

सर्वांचे आभार. एकच उपप्रश्न: विरुद्ध पक्षाचे काम न घेण्याची अटही तेव्हापासूनचीच आहे काय?

कोर्टाच्या पायऱ्या (जळगाव)

निष्ठेची अपेक्षा होती, पण एकनिष्ठेची नेहमीच नव्हती. एकच माणूस, विशेषतः वकील, एकाहून अधिक धन्यांकडून वार्षिक रक्कम घेई आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. धनी आपसात भांडू लागले की मगच अडचण होई. म्हणून काही करारांत राजावरील निष्ठा वगळून बाकी सर्वांविरुद्ध सेवा करीन असे लिहून घेत. आपल्या करारातले कलम एकदा नीट वाचून पाहा. वर्षभर विरुद्ध पक्षाकडे जाणार नाही असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी लिहून घ्या.