मदत हवी आहे : वाफेच्या छोट्या इंजिनांच्या मेळाव्यात गॅस कोठे आणि कसा भरावा?

इंग्लंडमधील आमच्या गावच्या सभागृहात, खऱ्या वाफेवर धावणाऱ्या छोट्या इंजिनांचा मेळावा हिवाळ्यात भरवायचा आहे. 45 आणि 32 मिलिमीटर रुंदीचे दोन स्वतंत्र रूळमार्ग कमरेइतक्या उंचीवर मांडले जातील. विमा, बॉयलरची प्रमाणपत्रे आणि अग्निशामक यांची व्यवस्था झाली आहे.

अडचण इंधनाची आहे. बहुतेक इंजिने ब्युटेन या गॅसवर चालतात, काही मात्र मेथिलेटेड स्पिरिट या जळाऊ अल्कोहोलवर, ज्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही. आणि टाकी भरताना थोडा ब्युटेन निसटतोच, शिवाय तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून सराव बैठकीत गॅस भरण्याचे टेबल दाराबाहेर ठेवून पाहिले. परंतु थंडीत गॅसचा डबा गार आणि नुकत्याच धावलेल्या इंजिनाची टाकी गरम असल्यामुळे ती अर्धवटच भरत होती. सर्वांनी एकाच वेळी थांबून गॅस भरण्याचा प्रयोगही केला, पण प्रत्येक इंजिनाचा धावण्याचा अवधी वेगळा असल्याने निम्मी मंडळी (साहजिकच कुरकुरत) ताटकळत राहिली. आत गॅस भरण्यास सभागृहाची परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे.

ज्यांनी असे मेळावे भरवले आहेत, ते थंडीत बाहेर टाकी पूर्ण भरण्यासाठी काय करतात, आणि स्पिरिटच्या इंजिनांना वेगळी वेळ देतात की वेगळा मार्ग?